वीज परतल्यावर घरच्या सर्व्हरने कोणत्या क्रमाने उठावे?

इंदिरानगरवासी

नमस्कार मंडळी. इंदिरानगरच्या आमच्या घरी गेली दोन वर्षे एक छोटा सर्व्हर चालू आहे. पुढचा प्रश्न नीट समजावा म्हणून त्याची रचना आधी सांगतो. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा आणि १६ जीबी मेमरीचा एक मिनी पीसी असून त्यावर प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) बसवले आहे. त्यात डेबियन या लिनक्सची एक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, आहे आणि डॉकरचे सगळे कंटेनर (प्रोग्रामचे बंदिस्त कप्पे) तिच्यात चालतात: फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी पेपरलेस आणि पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. घरातली उपकरणे सांभाळणाऱ्या होम असिस्टंटची व्हीएम वेगळी आहे. पाय-होल एलएक्ससी या हलक्या प्रकारच्या एका कंटेनरमध्ये आहे आणि घरातली सर्व उपकरणे नावांचे पत्ते (डीएनएस) त्यालाच विचारतात. फोटो व कागदपत्रे मात्र दोन डिस्कच्या स्वतंत्र एनएएस (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणुकीच्या) पेटीवर राहतात. ती पेटी एनएफएस या फाइल-वाटपाच्या पद्धतीने डेबियनच्या व्हीएमला जोडलेली आहे.

दुसरे टोक पिंपळगाव बसवंतला सासऱ्यांच्या द्राक्षबागेत आहे. तिथल्या शेतघरात रास्पबेरी पाय ४ हा एक छोटा संगणक ठेवला आहे. तो जमिनीच्या ओलाव्याच्या नोंदी गोळा करतो आणि वायरगार्डच्या बोगद्यातून (इंटरनेटवरच्या खाजगी, कूटबद्ध जोडणीतून) घरच्या सर्व्हरकडे पाठवतो. दोन्ही ठिकाणी बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता नसल्यामुळे मध्ये भाड्याचा एक व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घेतला आहे. माल निर्यातीचा असल्याने प्रत्येक फवारणीची नोंद जपावी लागते, म्हणून सासरे नोंदवहीची पाने मोबाइलने टिपून पेपरलेसमध्ये टाकतात.

मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी इंदिरानगर आणि पिंपळगाव अशा दोन्ही ठिकाणी वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. त्यानंतर चार गोष्टी घडल्या.

पहिली अशी की फायबरची पेटी आणि राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे ते चालू राहिले, पण मिनी पीसी बंद पडला आणि वीज आल्यावरही आपोआप सुरू झाला नाही. मी घरी पोहोचून बटण दाबेपर्यंत आईला एकही संकेतस्थळ उघडता येत नव्हते, कारण इंटरनेट असूनही नावांचे पत्ते सांगणारे कोणी जागे नव्हते.

दुसरी अशी की मिनी पीसी उठला तेव्हा एनएएस पेटी डिस्क तपासत होती आणि तिला आणखी चार मिनिटे लागली. पेटी तयार झाल्यावर मी हाताने एनएफएस माउंट केले, म्हणजे तिची साठवण व्हीएममधल्या एका फोल्डरवर जोडली. इमिच तोवर सुरूच झाले नव्हते; त्याचा कंटेनर पुन्हा सुरू केल्यावर ते ठीक चालले. पेपरलेस मात्र चालू दिसत होते, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. सासऱ्यांनी त्याच रात्री नोंदवहीची सहा पाने पाठवली, ती यादीत आली आणि त्यांनी ती उघडूनही पाहिली. दोन दिवसांनी मी सर्व्हर पुन्हा सुरू केला, तेव्हापासून ती सहाही पाने यादीत दिसतात, पण उघडत नाहीत.

चौथी गोष्ट म्हणजे पिंपळगावचा रास्पबेरी पाय वीज आल्यावर लगेच सुरू झाला होता, पण त्याचा बोगदा पाऊण तास जोडला गेला नाही. नंतर कोणी काहीही न करता तो आपोआप जोडला गेला.

डॉकर व्हीएममध्ये ठेवणे हीच चूक आहे का, आणि सर्व काही एलएक्ससीत हलवावे का, असा विचार मनात येतो आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

अंबडची पाळी

सर्वप्रथम एक विनंती: पुढचे वाचून होईपर्यंत डेबियनच्या व्हीएमवर काहीही पुसू नका. तुमची सहा पाने बहुधा सुरक्षित आहेत.

माउंट करण्याची जागा हीसुद्धा एक साधी फोल्डरच असते. एनएएस जोडलेले नसताना ती फोल्डर रिकामी, पण लिहिण्याजोगी असते. डॉकरने त्या रिकाम्या फोल्डरवर पेपरलेसचा कंटेनर उभा केला. नंतर तुम्ही बाहेर एनएफएस माउंट केले, पण कंटेनरला ते दिसले नाही, कारण डॉकरच्या बाइंड माउंटची (बाहेरची फोल्डर कंटेनरमध्ये दाखवणाऱ्या जोडणीची) मूळ मांडणी खाजगी असते आणि कंटेनर सुरू झाल्यानंतर बाहेर जोडलेले माउंट आत पोहोचत नाही. म्हणजे त्या रात्री पाने आली ती व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर लिहिली गेली, आणि यादीचा डेटाबेसही त्याच डिस्कवर असल्यामुळे सगळे सुरळीत दिसले. पुढच्या वेळी सर्व्हर सुरू झाला तेव्हा एनएफएस वेळेवर जोडले गेले आणि त्या फोल्डरवर पांघरुणासारखे बसले. पाने त्या पांघरुणाखाली आहेत.

ती काढण्यासाठी एनएफएस सोडवण्याची गरज नाही. व्हीएमची मूळ फाइल सिस्टीम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट करा. साध्या बाइंड माउंटमध्ये वरचे पांघरूण बरोबर येत नाही, त्यामुळे खालची फोल्डर जशीच्या तशी दिसेल. तिथून पाने एनएएसवर त्याच मार्गाने नक्कल करा आणि मालकी व परवानग्या जुळवून घ्या.

इमिच सुरू का झाले नाही, याचेही उत्तर यातच आहे. ते आपल्या प्रत्येक फोल्डरमध्ये एक लहानशी लपलेली खूण-फाइल ठेवते आणि सुरू होताना ती सापडली नाही तर पुढे जायला नकार देते. असा नकार मला फार मोलाचा वाटतो. जो प्रोग्राम चुकीच्या जागी निमूटपणे लिहीत राहतो, त्याच्यापेक्षा जो थांबतो तो घरच्या माणसांचे फोटो सांभाळायला अधिक लायक असतो.

आता प्रतिबंध. एनएफएस सोडवलेले असताना त्या रिकाम्या फोल्डरला अपरिवर्तनीय ही खूण लावून ठेवा, म्हणजे माउंट नसेल तेव्हा सर्वाधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालाही तिच्यात लिहिता येणार नाही. पेपरलेस अडखळेल आणि त्याच्या लॉगमध्ये त्रुटी येईल, पण पाने भलत्या जागी जाणार नाहीत. दुसरे, डॉकरच्या सेवेला सिस्टीमडीमध्ये (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही अट घालून त्यात एनएएसचा मार्ग द्या. मग माउंट झाल्याखेरीज डॉकर उठणारच नाही.

गोदातीर

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यात एक अडचण उरते. अट घातली आणि एनएएस चार मिनिटे उठले नाही, तर सिस्टीमडी मूळ मांडणीत साधारण ९० सेकंद थांबून माउंट फसल्याचे जाहीर करील. डॉकर त्यावर अवलंबून असल्यामुळे तोही फसलेला राहील आणि पुढे कोणी हाताने सुरू करीपर्यंत तसाच पडून राहील. चुकीचे लिहिणे टळेल, पण सर्व्हर बंद.

माझ्याकडे यासाठी एक छोटी सेवा आहे. ती दर पाच सेकंदांनी एनएएसचे २०४९ हे एनएफएसचे पोर्ट (नेटवर्कवरचे दार) उघडले का ते पाहते आणि उघडल्यावर संपते. माउंट त्या सेवेनंतर आणि डॉकर माउंटनंतर, अशी साखळी लावली आहे. एकदाच चालून संपणाऱ्या सेवेला सिस्टीमडी आपणहून कालमर्यादा लावत नाही, त्यामुळे एनएएसला अर्धा तास लागला तरी साखळी तुटत नाही. एनएएसचा पत्ता मात्र अंकांत द्या, नावाने देऊ नका. नाव दिले तर एनएएस शोधायला पाय-होल हवे, आणि पाय-होल त्या वेळी उठले असेलच याची खात्री कोणी द्यायची?

कंटेनरांची रचना सांगणाऱ्या कंपोझ फाइलमध्ये ‘डिपेंड्स ऑन’ (कोण कोणावर अवलंबून) लिहून अनेकजण निश्चिंत होतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. तो क्रम कंपोझची आज्ञा चालवताना पाळला जातो. वीज येऊन मशीन सुरू होते तेव्हा कंटेनर उठवतो तो डॉकरचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम), आणि त्याला कंपोझ फाइल माहीत नसते. तो फक्त पुन्हा सुरू करण्याचे धोरण पाहतो, त्यामुळे डेटाबेसच्या आधी पेपरलेस उठू शकते. क्रम खरोखर पाळायचा असेल तर डॉकरचे धोरण बंद ठेवून कंपोझची आज्ञाच सिस्टीमडीच्या सेवेतून चालवावी लागते.

देवळालीकर

पिंपळगावच्या पाऊण तासाबद्दल लिहितो, कारण याच गोष्टीने मला एकदा दोन रात्री जागवले होते.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की त्याला किती वाजले हे ठाऊक नसते, म्हणून तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून मोजायला लागतो आणि ती वेळ साधारणपणे तासातून एकदा जपली जाते. आता वायरगार्डची रीत पाहा. जोडणीच्या पहिल्या संदेशात पाठवणारा स्वतःची वेळ घालतो आणि समोरचा त्या जोडीदाराकडून आलेली सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो. नव्या संदेशातली वेळ तिच्यापेक्षा जुनी असेल तर तो संदेश टाकून दिला जातो, कारण कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवत असण्याची शक्यता असते. तुमच्या पायचे घड्याळ वीज जाण्यापूर्वीच्या वेळेवर मागे गेले. व्हीपीएसने त्याचे सर्व संदेश जुने ठरवून टाकून दिले. पायचे घड्याळ चालत चालत शेवटच्या यशस्वी जोडणीच्या वेळेपुढे गेले आणि त्या क्षणी बोगदा उघडला. तुमचा पाऊण तास यात चपखल बसतो.

प्रश्न उरतो की पायने इंटरनेटवरून वेळ का घेतली नाही. माझा अंदाज असा की त्याचा डीएनएस तुम्ही घरच्या पाय-होलवर ठेवला असेल. तसे असेल तर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव शोधायला डीएनएस लागतो, डीएनएससाठी बोगदा लागतो आणि बोगद्यासाठी वेळ लागते. तिघे एकमेकांकडे पाहत थांबले.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. डीएस३२३१ चिपचे घड्याळ-मॉड्यूल नाण्याएवढ्या बॅटरीसह पायच्या पिनांवर बसते, ते लावा. शेतावरच्या पायला डीएनएस तिथल्या राउटरचा द्या आणि घरातली नावे तेवढी बोगद्यातून विचारू द्या.

सिन्नरचा वाटसरू

मी या विषयात नवा आहे, म्हणून एक प्राथमिक शंका विचारतो. राउटरमध्ये पोर्ट उघडता येत असताना भाड्याचा व्हीपीएस कशासाठी?

गोदातीर

राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो तुमचा एकट्याचा नाही. हा पट्टा २०१२ साली खास अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला, कारण आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत आणि ते पुरत नाहीत. पुरवठादार अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. तुम्ही आपल्या राउटरमध्ये पोर्ट उघडले तरी त्याच्या पुढचे दार पुरवठादाराकडे असते. तुमच्या जोडणीवर आयपीव्ही६ ही नवी पत्त्यांची पद्धत मिळत असेल तर घराला स्वतंत्र पत्ते मिळतात आणि तो मार्ग वापरता येतो, पण ज्या ठिकाणाहून जोडायचे तिथेही आयपीव्ही६ हवे.

देवळालीकर

आता डीएनएस. पाय-होल बंद पडले तर चालावे म्हणून दुसऱ्या क्रमांकावर एखादा सार्वजनिक डीएनएस लिहावा, असा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. उपकरणे दुसऱ्या पत्त्याला राखीव मानतातच असे नाही; काही दोघांनाही विचारतात, काही जो लवकर उत्तर देतो त्याला धरून बसतात. मग घरातली नावे कधी सापडतात, कधी सापडत नाहीत, आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

एखादा जुना रास्पबेरी पाय असेल तर त्यावर दुसरे पाय-होल बसवा आणि तो राउटरशेजारी इन्व्हर्टरवर ठेवा. घरातल्या इतर माणसांनी सर्व्हर मागितलेला नसतो. आपला सर्व्हर बंद पडला म्हणून त्यांचे इंटरनेट बंद पडू नये, एवढी जबाबदारी आपल्यावर येते, असे मी मनापासून मानतो.

अंबडची पाळी

व्हीएम की एलएक्ससी हा मूळ प्रश्न मागे राहिला. डॉकर व्हीएममध्येच राहू द्या. एलएक्ससीला स्वतःचा कर्नल (प्रणालीचा गाभा) नसतो, तो यजमानाचाच कर्नल वापरतो. त्यात पुन्हा डॉकर बसवला तर कंटेनरच्या पोटात कंटेनर होतो आणि यजमानाच्या प्रत्येक सुधारणेबरोबर काहीतरी हलण्याची भीती राहते. डॉकरसाठी व्हीएम वापरावी, अशी शिफारस प्रॉक्समॉक्सच्या अधिकृत माहितीतही आहे. पाय-होलसारखी हलकी, एकाच कामाची गोष्ट एलएक्ससीत शोभते, कारण ती काही सेकंदांत उठते.

प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशीनला सुरू होण्याचा क्रमांक देता येतो. ज्यांना क्रमांक नाही ती क्रमांकवाल्यांनंतर सुरू होतात, आणि बंद होताना क्रम उलटा असतो. पाय-होलला पहिला क्रमांक देऊन त्यानंतर ३० सेकंदांचा विराम ठेवा, मग डेबियन, मग होम असिस्टंट. मिनी पीसीच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर सुरू हो, ही निवड करायला विसरू नका; तुमच्या पहिल्या अडचणीचे मूळ तेच आहे.

गोदातीर

मला इथे थोडे वेगळे सुचवायचे आहे. एनएएस पेटी वेगळी ठेवायची गरज काय? त्याच दोन डिस्क मिनी पीसीला जोडल्या तर वाट पाहण्याची साखळीच नको. शिवाय एक वॅट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिट होतात. पेटी २० वॅट घेत असेल तर वर्षाला १७५ युनिट वाचतील.

अंबडची पाळी

हिशेब बरोबर आहे, तरीही मी हे करणार नाही. मिनी पीसीत दोन मोठ्या डिस्क बसत नाहीत, म्हणून त्या यूएसबीवर लटकतील. वीज पुनःपुन्हा जाते-येते तेव्हा यूएसबीच्या डिस्क पेट्या मधूनच तुटून पुन्हा दिसू लागण्याचा अनुभव मी घेतला आहे, आणि झेडएफएससारख्या फाइल सिस्टीमला तसे वागणे अजिबात मानवत नाही. उद्या मिनी पीसी बिघडला तर फोटो असलेली पेटी दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडता येते, हा फायदा १७५ युनिटांपेक्षा मला मोठा वाटतो. ज्यांच्याकडे डिस्क थेट आत बसवायच्या सॅटा जोडण्या असलेला डेस्कटॉप आहे त्यांच्यासाठी तुमचा सल्ला योग्य ठरेल.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. सहाही पाने सापडली. मूळ फाइल सिस्टीम दुसरीकडे बाइंड माउंट केली आणि ती तिथे जशीच्या तशी होती. सासऱ्यांना फोन केला, तेव्हा ते बागेतच होते. खरड छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या त्याच नोंदी होत्या आणि मूळ वहीची पाने त्या पावसात भिजून गेली होती. मला काय वाटले ते इथे लिहिणे अवघड आहे.

देवळालीकरांचा अंदाज अचूक होता. पिंपळगावच्या पायचा डीएनएस खरोखरच घरच्या पाय-होलवर होता. आता घड्याळ-मॉड्यूल बसवले आहे आणि डीएनएस बदलला आहे. घरी जुन्या रास्पबेरी पायवर दुसरे पाय-होल इन्व्हर्टरच्या बाजूला आहे. फोल्डरला अपरिवर्तनीय खूण, पोर्ट तपासणारी सेवा, माउंट आणि डॉकर अशी साखळी लावली. पेटी वेगळीच ठेवली आहे.

रविवारी सकाळी घरच्यांना सांगून मिनी पीसी आणि एनएएस यांचा विजेचा स्विच चालू अवस्थेतच बंद केला आणि दहा मिनिटांनी लावला. तेवढ्या वेळात घरातले इंटरनेट एकदाही अडले नाही. मिनी पीसी आपोआप उठला, डेबियनची व्हीएम एनएएसची वाट पाहत थांबली आणि एनएएस चार मिनिटांनी तयार झाल्यावर डॉकर सुरू झाला. पेपरलेस पहिल्यांदा डेटाबेस तयार नसल्यामुळे पडले आणि पुन्हा सुरू करण्याच्या धोरणामुळे दुसऱ्या प्रयत्नात उभे राहिले. नंतर पिंपळगावच्या पायची वीज बंद करून पाहिली. बोगदा मिनिटभराच्या आत जोडला गेला.

आता मिनी पीसी आणि एनएएससाठी यूएसबी जोडणी असलेला छोटा यूपीएस घेत आहे आणि त्यासोबत यूपीएसवर लक्ष ठेवणारा एनयूटी हा प्रोग्राम बसवणार आहे, म्हणजे बॅटरी उतरत आली की दोन्ही यंत्रे रीतसर बंद होतील. त्यात काही सांभाळायचे आहे का?

अंबडची पाळी

एक गोष्ट नक्की सांभाळा. बॅटरी उतरत आली, मिनी पीसी बंद व्हायला लागला आणि नेमकी त्याच मिनिटाला वीज परत आली, असे समजा. यूपीएसने आपला पुरवठा तोडलेलाच नाही, म्हणून मिनी पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. बायोसमधली निवड मग लागू होत नाही आणि तो बंदच राहतो. एनयूटीत यासाठी सोय आहे: बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला स्वतःचा पुरवठा तोडून वीज असल्यास पुन्हा देण्याची आज्ञा जाते. सर्वच स्वस्त यूपीएस ती आज्ञा पाळत नाहीत, म्हणून खरेदीपूर्वी एनयूटीच्या सुसंगततेच्या यादीत मॉडेल पाहा आणि आणल्यावर मुद्दाम हाच प्रसंग घडवून तपासा.

देवळालीकर

यूपीएस ती आज्ञा पाळत नसेल तरी तुमच्याकडे आता एक जागा राहणारे यंत्र आहे. इन्व्हर्टरवरच्या रास्पबेरी पायला दर पाच मिनिटांनी मिनी पीसी उत्तर देतो का ते पाहू द्या आणि १५ मिनिटे उत्तर आले नाही तर वेक-ऑन-लॅनचा (नेटवर्कवरून यंत्र जागे करण्याचा) संदेश पाठवू द्या. यूपीएसचा पुरवठा तुटलेला नसल्यामुळे नेटवर्क कार्डाला तेवढी वीज मिळत असते. मधला नेटवर्क स्विचही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर संदेश पोहोचणार नाही.

इंदिरानगरवासी

नेटवर्क स्विच एनएएसच्या बाजूला साध्या प्लगवर होता. आजच तो इन्व्हर्टरच्या जोडणीवर हलवला. यूपीएस आल्यावर दोन्ही प्रकारे तपासून याच धाग्यात नोंद करतो.